सिंहगडाकडे तोंड करून

जून १९८७. मृग लागून आठवडा झालाय. रविवार सकाळ, पावणेनऊ. तळेगाव दाभाड्याच्या गाव भागात एका जुन्या कौलारू घराच्या जोत्यावर तुम्ही उभे आहात. रात्री वारं सुटलं होतं. गल्लीत कडुनिंबाच्या काटक्या पडल्यात, पन्हाळीतून अजून थेंब गळतोय. तुमच्या खिशातल्या मोबाइलला इथे कसलाही अर्थ नाही. आतून काकूंची हाक येते, "आलास का रे? बरं झालं. काका ओव्हरटाइमला पिंपरीला गेलेत आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. साडेनवाला सगळी गल्ली येऊन बसेल."

साडेनवाला ‘रामायण’ लागतं. २५ जानेवारीला रामानंद सागरांची ही मालिका सुरू झाली आणि तेव्हापासून रविवारची सकाळ या पेटीच्या ताब्यात गेली. बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरून झाल्यात. आजींनी टीव्हीच्या लाकडी शटरला कुंकू लावून वर जास्वंदीचं फूल ठेवलंय. ज्यांच्या घरी टीव्ही नाही अशा पाच-सहा घरांतली माणसं इथे येणार आहेत. त्यांना ‘आज दिसत नाही’ म्हणून परत पाठवणं या घराला जमणार नाही. तुमच्याकडे पाऊण तास आहे.

तुम्ही शिडीकडे वळता तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज येतो, "वर जायची घाई करू नकोस. आधी नीट बघ." हे पलीकडच्या आळीतले रेडिओवाले अण्णा. आयुष्यभर रेडिओ उघडून बसलेले; आता टीव्हीही उघडतात. ते तुम्हाला शेजारी बसवतात.

बटण दाबल्यावर आधी आवाज येतो, काच उजळायला थोडा वेळ लागतो. कार्यक्रम सुरू होण्याआधी दूरदर्शन एक स्थिर आकृती दाखवत ठेवतं: चौकटी, मोठं वर्तुळ, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्या. तुम्हाला ती करमणुकीची वाटत नाही, पण अण्णांसाठी ती तपासणीची पाटी आहे. आकृती मुंग्यांच्या आड कशीबशी दिसतेय. प्रत्येक उभ्या रेघेच्या उजवीकडे तिचीच एक फिकट जोडीदारीण उभी आहे. आवाज मात्र बराचसा स्वच्छ आहे.

"आवाज एफएमने येतो, चित्र एएमने. कमी सिग्नलवर आवाज तग धरतो, चित्र आधी ढासळतं," अण्णा सांगतात. मग बोटांवर मोजत जातात. मुंग्या म्हणजे सिग्नल कमी पोचतोय. डबल दिसतंय म्हणजे एकच सिग्नल दोन वाटांनी पोचतोय. आडव्या ठिपक्यांची रांग धावली तर जवळपास कुठेतरी ठिणगी पडतेय. आणि चित्र वर-खाली पळत असेल किंवा तिरकं फाटत असेल, तर आधी टीव्हीच्याच होल्डच्या खुंट्या फिरवून बघायच्या. त्यासाठी कौलं फोडत वर जायचं नाही. आपल्याकडे पहिले दोन आजार आहेत, दोन्ही वेगळे, आणि दोन्हींवर उपाय वेगळा.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथे चित्र एकतर असतं नाहीतर नसतं. इथे चित्राला आजारपण आहे, आणि प्रत्येक आजाराचा चेहरा निराळा आहे.

पहिलं काम पायऱ्या उतरून करायचं असतं. काकूंची धाकटी शेजाऱ्यांकडे धावत जाते आणि तशीच परत येते, "त्यांच्याकडे एकदम क्लिअर!" अण्णा मान डोलावतात. सगळ्या गल्लीत मुंग्या असत्या तर दोष सिंहगडावरच्या प्रक्षेपकात असता आणि आपण चहा प्यायलो असतो. एका घरात आहेत, म्हणजे दोष याच घरात आहे.

दुसरं काम टीव्हीच्या पाठीमागे. दोन स्क्रूंना चपटी वायर जोडलेली असते: दोन तांब्याच्या तारा, मधे प्लॅस्टिकची पट्टी, संरोध (इंपीडन्स) ३०० ओहम. तुम्ही ती हलवता. चित्र तसंच. म्हणजे सांधा घट्ट आहे. आता ही वायर बोटाने धरून खिडकीतून बाहेर जायचं.

पडवीच्या पत्र्यापाशी तुम्हाला पहिला गुन्हेगार सापडतो. वायरीला पत्र्यापासून चार बोटं दूर ठेवणारी लाकडी पट्टी रात्रीच्या वाऱ्याने निखळली आहे आणि वायर ओल्या पत्र्यावर सपाट पडून राहिलीय. या वायरीचा सगळा खेळ तिच्या दोन तारांमधल्या तोलावर चालतो. पाणी किंवा धातू चिकटला की तो तोल बिघडतो आणि सिग्नल वाटेतच झिरपून जातो. कोरड्या काठीने तुम्ही वायर उचलून धरता. आतून लगेच ओरडा, "कमी झाल्या! मुंग्या कमी झाल्या!" पट्टी पुन्हा ठोकायची आणि वायरीला फूटभर अंतराने एकेक पीळ द्यायचा. त्याने वाटेतला बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि आपोआप खोडला जातो. वायर अँटेनाच्या पाइपाला मात्र गुंडाळायची नाही.

आता शिडी. आकाश तपासा: ढग आहेत, पण गडगडाट नाही. गडगडाट असता तर अण्णांनी तुम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. विजेच्या तारा कुठून गेल्यात ते बघून घ्या. हातातला लोखंडी पाइप तिकडे कललेला चालणार नाही. ओल्या कौलांवर मधोमध पाय देऊ नका, खालच्या वाशाचा अंदाज घेऊन पाऊल टाका.

वर पोचल्यावर तुम्ही थांबता, कारण समोर गावाची छपरं पसरली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक छपरावर ॲल्युमिनियमचा एक सांगाडा आहे, माशाच्या काट्यासारखा, आडव्या पाठकण्यावर ओळीने काड्या. १९२६ साली जपानमध्ये सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी जगापुढे मांडलेली ही रचना. तारेने टीव्हीला जोडलेली असते ती एकच काडी, दुमडून लांबट कडी केलेली. तिच्या मागची काडी किंचित लांब. ती मागून येणारं थोपवते आणि पुढून आलेलं परत फेकते. पुढच्या काड्या क्रमाने आखूड. त्या लहरीला वाट दाखवत कडीपर्यंत आणतात. कडीची लांबी लहरीच्या निम्मी. १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ती ढोबळमानाने पाऊण मीटर भरते, तर मुंबई केंद्राच्या चॅनेल ४ साठी ती दोन मीटरच्या वर जाते. म्हणून मुंबईच्या नातेवाइकांनी प्रेमाने आणून दिलेला अँटेना प्रत्येक गावात चालतोच असं नाही.

कडीच्या मध्यावरची काळी डबी उघडा. इथे दुसरा गुन्हेगार बसला आहे. झाकणाची फट रुंदावून पाणी आत गेलंय. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमलीय, तांब्याच्या टोकावर हिरवट थर. दोन वेगळे धातू आणि मधे ओल असली की सांधा आतून कुजतो, बाहेरून मात्र नट घट्टच वाटतो. पॉलिश पेपरने दोन्ही चकचकीत करा, तांब्याची टोकं ब्लेडने खरवडा, नट पुन्हा आवळा, वर मेणबत्तीचं मेण ओता आणि डबीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. खालून अण्णांचा आवाज, "मुंग्या गेल्या! आता डबल तेवढं राहिलंय!"

जरा विचार करा. दिल्लीहून निघालेला कार्यक्रम विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या इन्सॅट-१ बी उपग्रहापर्यंत जातो. तो उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे जवळजवळ तळेगावच्याच रेखांशावर. तिथून कार्यक्रम परत जमिनीवर उतरतो, डोंगरमाथ्यावरून पुन्हा झेपावतो, आणि एवढं सगळं पार करून आलेला हा सिग्नल तुमच्या हातातल्या चिमूटभर पांढऱ्या भुकटीपाशी अडून बसला होता.

आता दिशा. वाऱ्याने पाइप फिरवलाय हे दिसतंच आहे. फिरवून कुठे ठेवायचा? अंगणात जमलेल्यांपैकी एकजण ओरडतो, "पुण्याकडे कर, पुण्याकडे!" तळेगावातून पुणं म्हणजे रेल्वेरुळांची दिशा, आग्नेय. अँटेना आत्ता नेमका तिकडेच बघतोय. आणि चूक तीच आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण मुंबई आणि पुण्याच्या मधे सह्याद्री उभा आहे. या लहरी बहुतांशी सरळ जातात. घाट चढून उतरणं त्यांना जमत नाही. म्हणून १९७३ मध्ये प्रक्षेपक बसला तो सिंहगडावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर. तळेगाव साधारण साडेसहाशे मीटरांवर. चित्र ‘पुण्याचं’ म्हणून ओळखलं जातं, पण ते पुणे शहरातून येत नाही. आणि सिंहगड तळेगावच्या आग्नेयेला नाही. तो जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, जरासा पूर्वेकडे झुकलेला, सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर. रस्त्याने पुण्याला जाऊन मग सिंहगडाला वळणाऱ्या माणसाच्या डोक्यात ही सरळ रेषा कधी तयार होत नाही. लहर मात्र तिच्याशिवाय दुसरी वाट मानत नाही.

ज्या गावात गडकिल्ल्यांवर प्रेम करणारे लेखक गो. नी. दांडेकर राहतात, त्या गावाला किल्ला कुठल्या बाजूला आहे हे विचारायला लागू नये. तरी पक्कं करायचं तर आकाशाकडे बघा. जूनमधला सकाळचा सूर्य पूर्वेच्याही थोडा उत्तरेला असतो. ढगांमागचा तो उजेड डाव्या खांद्याच्या किंचित मागे घ्या. तुम्ही दक्षिणेला तोंड करून उभे आहात. आता शेजारच्या छपरांकडे बघा. ज्यांचं चित्र स्वच्छ आहे त्यांचे सांगाडे त्याच बाजूला वळलेत. कुणी नकाशा वाटला नव्हता, कुणी होकायंत्र आणलं नव्हतं. चौदा वर्षं घराघरातून ओरडून, थांबून, पुन्हा फिरवून गावाने ही दिशा शोधून काढली आहे.

आणि तुमच्या डाव्या हाताला, सिंहगड आणि पुणं यांच्या मधल्या दिशेला, पोटात लेणी घेऊन बसलेला घोराडेश्वराचा डोंगर आहे. अण्णांना संशय आहे त्याचाच. आत ते फूटपट्टी घेऊन पडद्यासमोर बसलेत. खरी रेघ आणि जोडीदारीण यांच्यात पाऊण-एक सेंटिमीटर अंतर आहे. हिशोब ते ओरडून सांगतात. पडद्यावर सेकंदाला १५,६२५ ओळी काढल्या जातात, एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. वीस इंची काचेवर एका मायक्रोसेकंदात किरण पाऊण सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि तेवढ्याच वेळात लहर हवेतून ३०० मीटर जाते. म्हणजे दुसरं चित्र पहिल्यापेक्षा तीनेकशे मीटर जास्त चालून आलंय. वाटेवरून जरा बाजूला असलेल्या एखाद्या डोंगराला आपटून आलं तर एवढाच फेरा पडतो. अँटेना पुण्याकडे, म्हणजे त्या डोंगराच्याही अंगावर रोखल्यामुळे खरं चित्र थोडं मंदावलं आणि डोंगरावरून आलेलं जोर धरून बसलं.

काचेवरचा एक सेंटिमीटर आणि बाहेरचा डोंगर यांच्यात असा हिशोब बसतो, हे कळल्यावर तुम्ही त्या डोंगराकडे वेगळ्याच नजरेने बघता.

आता फिरवायचं. इथे यंत्रापेक्षा माणसांची शिस्त लागते. वर असलेल्याला पडदा दिसत नाही, पडद्यासमोरच्याला अँटेना दिसत नाही. मधे खिडकीत काकू, अंगणात धाकटी. अण्णा म्हणतात "आला", काकू म्हणतात "आला", धाकटी ओरडते "आलाऽऽ", आणि तोवर तुमचा हात पुढे गेलेला असतो. "गेला!" म्हणून नियम ठरतो: चार बोटं फिरवायचं, थांबायचं, पाच मोजायचे, निरोप आला की मगच पुढे. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. पाइप धरून ठेवलात की चित्र सुधारतं आणि हात सोडला की बिघडतं, कारण तुमचं शरीरही त्या लहरींच्या वाटेत उभं आहे. तेव्हा प्रत्येक वेळी हात सोडून दोन पावलं मागे सरा आणि मग विचारा, "आता?"

तुम्ही सांगाडा हळूहळू उजवीकडे आणता. सिंहगडाच्या रेषेवर येताच चित्र भरतं, पण जोडीदारीण पुसटशी अजून आहे. अण्णांचा आवाज येतो, "अजून थोडं उजवीकडे जाऊ दे. गड सोडून." तुम्हाला हे उलटं वाटतं. पण या सांगाड्याची नजर पुढच्या बाजूला चांगली रुंद असते. दहा-पंधरा अंशांनी खरं चित्र फारसं कमी होत नाही. बाजूंना मात्र त्याच्या आंधळ्या जागा असतात, आणि डोंगर त्या आंधळ्या जागेकडे जितका सरकेल तितकं डबल कमी होतं. जास्तीत जास्त सिग्नल मिळवायचा नाहीये, नको असलेला सिग्नल कमीत कमी करायचा आहे. आणखी चार बोटं. पाच मोजा. खालून एकाच वेळी तीन आवाज येतात, "राहू दे! राहू दे! तसंच राहू दे!"

नट आवळा. पाइपाला तीन बाजूंनी तार ओढून बांधा, म्हणजे पुढच्या वाऱ्याला तो फिरणार नाही. उतरताना कुणीतरी विचारतं, "बूस्टर का नाही लावत?" अण्णा समजावतात: बूस्टर जे मिळेल ते मोठं करतो, मुंग्यासुद्धा. लावायचाच तर वर अँटेनाजवळ, वायरीत गळती व्हायच्या आधी. आणि डबल चित्रावर त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला दोन्ही चित्रं सारखीच.

साडेनऊ. दाराबाहेर चपलांचा ढीग. आजी हात जोडून बसल्यात, पुढे पोरं मांडी घालून, मागे दारापर्यंत माणसं. मधेच पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग सरकून जाते; गल्लीतून मोपेड गेली, तिच्या प्लगची ठिणगी. स्टेशन भागात राहणारा एकजण सांगतो, त्याच्याकडे तर पावसात लोकल आली की वरची तार आणि गाडीचा पेंटोग्राफ यांच्यातल्या ठिणग्यांनी पडदा भरतो. कुणी चिडत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे की ते काय आहे आणि ते जाणार आहे.

आता तुमच्या डोळ्यांसमोर वर्षं धावू लागतात. १९९१-९२ च्या सुमारास खांबाखांबावरून काळी केबल गल्लीत शिरते, वाहिन्या वाढतात, आणि सांगाडे छपरांवर तसेच राहून वाकतात, गंजतात. मग भिंतींवर तबकड्या येतात. २०२२ पर्यंत दूरदर्शन देशातले जवळपास सगळे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक बंद करतं. कौलं जातात, सोसायट्या उभ्या राहतात. तुम्ही तुमच्या काळात परत येता.

काय गेलं, हे नीट सांगायला हवं. चित्र आता कितीतरी चांगलं आहे आणि आजींना छपरावर माणूस चढवावा लागत नाही, ही मोठीच सोय. पण जुनं चित्र बिघडताना सांगून बिघडायचं. ते थोडं थोडं खालावायचं, आणि प्रत्येक पायरीवर काय बिनसलंय याचा पुरावा काचेवर ठेवायचं: इथे ओल आहे, तिकडे डोंगर आहे, बाहेरून गाडी गेली. तो पुरावा वाचायला ज्या घरांनी वेळ दिला, त्यांना आपलं घर कुठल्या डोंगराच्या कुशीत आहे, गड कुठे आहे, वारा कुठून येतो हे चित्र बघता बघता कळलं. डिजिटल चित्र ठरावीक पातळीपर्यंत निर्दोष राहतं आणि तिच्याखाली एकदम थिजतं. पडद्यावर "सिग्नल नाही" एवढंच लिहून येतं. कारण शोधायचा सराव सुटतो, कारण पडदा कारण सांगत नाही.

तरी अण्णांची रीत आजही लागू पडते. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून तळेगावातली तबकडी खरोखरच आग्नेयेला तोंड करून असते. तिच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या. जोराचा पाऊस त्या गिळतो आणि सर थांबली की चित्र आपोआप परततं. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. ताकद भरलेली आणि गुणवत्ता शून्य असेल, तर काहीतरी भरपूर येतंय पण हवं ते येत नाहीये; अशा वेळी तबकडी सरकली आहे का हे आधी बघावं. दोन्ही पट्ट्या एकदम पडल्या असतील तर वायर आणि सांधा. मुंग्या वेगळ्या आणि डबल वेगळं, हा जुना भेद या दोन पट्ट्यांत अजून शाबूत आहे.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात पडदा थिजला, तर लगेच फोन उचलू नका आणि तबकडीला हातही लावू नका. आधी शेजारी विचारा. मग टीव्हीमागची पिन, मग वायर जिथे जिथे वळते त्या जागा, मग बाहेरचा ओला सांधा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर थांबून बघा. दिशेला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी.